पुसट होत चाललेले उंबरठे

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांतील जगण्याची मांडणी दीड शतकाहून अधिक काळ रेल्वेच्या रुळांनी ठरवली आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले आणि राहायचे एका गावी, पोटापाण्यासाठी जायचे दुसऱ्या गावी ही रीत या पट्ट्यात हळूहळू रुजत गेली. घर डोंबिवलीत, कचेरी फोर्टात, मुलांची शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर आणि या सर्वांच्या मध्ये गाडीचा डबा, अशा या जगात प्रत्येक ठिकाणची बोलण्याची रीत निराळी होती आणि मान राखण्याची पद्धतही निराळी होती. साहेबांविषयीचा राग डब्यात बोलून दाखवता येत असे आणि तो कचेरीपर्यंत पोहोचत नसे. शिक्षकांच्या घरातली अडचण वर्गात शिरत नसे. मुलाने नाक्यावर उच्चारलेला आगाऊ शब्द फार तर शेजारच्या काकूंच्या कानी जाई आणि दोन दिवसांत विरून जाई. एका जागेतून दुसऱ्या जागेत जाताना माणूस उंबरठा ओलांडत असे आणि त्या उंबरठ्यापाशी आधीच्या जागेतले बरेच काही मागे ठेवत असे. गेल्या वीस वर्षांत समाजमाध्यमांनी सर्वांत खोलवर काही बदलले असेल, तर ते हे उंबरठे होत. मुले फोनमध्ये डोके खुपसून बसतात हे डोळ्यांना दिसते, म्हणून त्याची चर्चा होते. उंबरठा पुसला गेलेला सहसा दिसत नाही, मात्र त्याची किंमत विद्यार्थी, शिक्षक आणि नोकरदार रोज मोजत असतात.

समाजमाध्यम हा शब्द आज इतका सैलपणे वापरला जातो की त्याचा अर्थ आधी नीट ठरवून घेणे आवश्यक आहे. दाना बॉइड आणि निकोल एलिसन या अमेरिकन अभ्यासकांनी २००७ साली केलेल्या व्याख्येचा आशय असा, की जिथे व्यक्तीला स्वतःची ओळख सांगणारे पान तयार करता येते, ओळखीच्या माणसांची यादी त्याला जोडता येते आणि त्या यादीवरून इतरांच्या याद्यांपर्यंत पोहोचता येते, ती सेवा म्हणजे सामाजिक जाळे होय. २००३ मधील लिंक्डइन, २००४ मधील ऑर्कुट व फेसबुक आणि २०१० मधील इन्स्टाग्राम या व्याख्येत सरळ बसतात. व्हॉट्सअ‍ॅप २००९ साली निरोप धाडण्याचे साधे साधन म्हणून आले, पण त्यात गट करण्याची सोय झाली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेटचे दर कोसळले, तेव्हापासून मराठी घरांत जाळे म्हणजे मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप असे समीकरण झाले. या जाळ्यांच्या अभ्यासात रूढ झालेल्या एका संकल्पनेला मराठीत 'संदर्भांची सरमिसळ' असे म्हणता येईल. आई, वर्गमित्र, मुख्याध्यापक, भावी मालक आणि अनोळखी माणूस हे सारे एकाच वेळी एकाच मजकुराचे श्रोते होतात, आणि कोणासाठी कोणत्या सुरात बोलायचे हा निर्णय बोलणाऱ्याच्या हातात उरत नाही, या अवस्थेला ते नाव दिलेले आहे.

जाळे ही गोष्ट या पट्ट्याला नवी नव्हती, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. ठरावीक गाडीच्या ठरावीक डब्यात रोज भेटणारा प्रवाशांचा ग्रुप हे येथील मूळचे सामाजिक जाळे होय. एकमेकांसाठी जागा धरणे, भजन म्हणणे, दसऱ्याला डब्याला तोरणे बांधून पूजा करणे, महिलांच्या डब्यात हळदीकुंकू करणे, निवृत्त होणाऱ्याला शेवटच्या दिवशी निरोप देणे, हे सारे कोणत्याही नियमपुस्तिकेशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर जमणारी तरुणाई हे दुसरे जाळे. शाळा सुटल्यावर पांगलेले वर्गमित्र वर्षातून एकदा तिथे हमखास भेटत, आणि त्यासाठी कोणालाही निमंत्रण लागत नसे. १९९९ साली डोंबिवलीत सुरू होऊन पुढे अनेक गावांत पसरलेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा याच मातीतून उगवली.

डब्यातल्या ग्रुपचे एक वैशिष्ट्य समाजशास्त्राच्या भाषेत समजून घेण्यासारखे आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली 'दुर्बळ दुव्यांचे बळ' हा विचार मांडला. जवळचे नातलग आणि जिवलग मित्र आपल्याच वर्तुळात वावरतात, त्यामुळे त्यांना ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नोकरीची नवी बातमी मात्र बहुधा तोंडओळखीच्या माणसाकडून येते, कारण तो वेगळ्या जगात हिंडत असतो. तोंडओळखीच्या अशा नात्याला 'दुर्बळ दुवा' म्हणतात. एका डब्यात बँकेतला कारकून, मंत्रालयातला सहायक, खाजगी कंपनीतला लेखापाल आणि ठाण्याला उतरून वागळे इस्टेटमध्ये कामाला जाणारा कारागीर शेजारी शेजारी बसत, म्हणून कोणत्या कचेरीत जागा निघाली, कोणाच्या मुलीला स्थळ पाहायचे आहे, कोणाला रक्त हवे आहे, हे त्या चार बाकांवर सर्वांत आधी कळे. पुढे २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांच्या पाच वर्षांच्या माहितीवर आधारलेले संशोधन प्रसिद्ध झाले आणि मध्यम ओळखीचे दुवे नोकरी मिळवून देण्यात सर्वाधिक उपयोगी पडतात, असे त्यातून दिसले. डोंबिवलीच्या प्रवाशाला हे अनुभवाने आधीपासूनच माहीत होते. सचिन टेके यांनी २०१० साली आणलेल्या 'एम-इंडिकेटर'मध्ये वेळापत्रकासोबत प्रवाशांच्या आपापसातील संवादाची सोय झाली, डब्यातले ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर गेले आणि गाडी कुठे अडकली आहे हे फलाटावरच्या घोषणेआधी कळू लागले. जुन्या जाळ्याला नव्याने दिलेला हा आधार खराखुरा आहे आणि समाजमाध्यमांवर टीका करताना तो विसरणे अन्यायाचे ठरेल.

परंतु डब्यात बोललेले शब्द डब्यातच राहत, आणि पडद्यावर लिहिलेले राहत नाहीत, याची सर्वांत कठोर शिकवण याच जिल्ह्याला मिळाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर हा ठाणे जिल्ह्याचाच भाग होता; स्वतंत्र पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे १७ नोव्हेंबरला निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी सर्वत्र बंद पाळला गेला. त्या बंदविषयी प्रश्न उपस्थित करणारा मजकूर पालघरमधील एका तरुणीने फेसबुकवर लिहिला आणि तिच्या मैत्रिणीने त्यावर 'लाइक'ची खूण उमटवली. मैत्रिणींच्या वर्तुळात पूर्वी जे वाक्य दोन मिनिटांत हवेत विरले असते, ते काही तासांत गावभर झाले. एका तरुणीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड झाली आणि दोघींनाही अटक झाली. दुसरीने तर मूळ मजकूर लिहिलेलाही नव्हता. पुढे पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली आणि खटलाही बंद झाला, तरी विशीतल्या दोन मुलींना जे सोसावे लागले ते त्यामुळे पुसले गेले नाही. त्यांच्यावर लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ हे 'त्रासदायक' वा 'अत्यंत आक्षेपार्ह' अशा मोघम शब्दांच्या आधारे तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद करणारे होते. या अटकेनंतर दिल्लीच्या श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांच्या पीठाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. एका 'लाइक'मुळे सुरू झालेले हे प्रकरण देशाच्या घटनात्मक इतिहासात जाऊन बसले. कायदा सुधारला, तरी मैत्रिणीसाठी लिहिलेला मजकूर जमाव वाचतो ही सरमिसळ मात्र तशीच राहिली, आणि आज अकरावीत शिकणाऱ्या मुलामुलींना तिची कल्पना देण्याचे काम कोणत्याही विषयाच्या तासिकेत बसवलेले नाही.

विद्यार्थ्यांच्या रोजच्या व्यवहारात या जाळ्यांनी नेमके काय केले, याचे उत्तर एका बाजूचे देता येत नाही. कल्याणच्या कनिष्ठ महाविद्यालयात कसाऱ्याकडून किंवा मुरबाडहून येणाऱ्या विद्यार्थ्याला बुडलेल्या तासाच्या नोट्स पूर्वी कोणाच्या तरी पाया पडून उतरवून घ्याव्या लागत. आता वहीच्या पानांचे फोटो दुपारपर्यंत ग्रुपवर येतात, आणि प्रवासात दिवसाचे काही तास घालवणाऱ्या मुलासाठी ही सवलत मोठी आहे. मात्र त्याच वाटेने मार्च २०१७ मध्ये बारावीच्या काही विषयांच्या प्रश्नपत्रिका परीक्षा सुरू होण्याआधी मोबाइलवर फिरल्या. प्रश्नपत्रिका शांतपणे वाचता यावी म्हणून विद्यार्थ्यांच्या हाती ती दहा मिनिटे आधी देण्याची पद्धत होती; समाजमाध्यमांवर पाने पसरू लागल्यामुळे राज्य मंडळाने २०२३ पासून ती बंद केली आणि ती दहा मिनिटे परीक्षेच्या शेवटी जोडली. मूठभरांच्या गैरकृत्यामुळे लाखो प्रामाणिक मुलांची पहिली दहा मिनिटांची निवांतता गेली, ही हानी लहान दिसत असली तरी ज्या मुलाचे हात परीक्षेच्या खोलीत थरथरतात त्याच्या दृष्टीने ती लहान नाही.

ग्रामीण भारतातील शालेय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालाच्या २०२४ च्या आवृत्तीत १४ ते १६ वयोगटाविषयी दिलेली माहिती येथे उपयोगी आहे. या वयातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीआधीच्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो त्यांपैकी ५७ टक्क्यांनी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. याहून विचार करायला लावणारा आकडा दुसराच आहे. समाजमाध्यमे वापरणाऱ्या मुलांपैकी नकोशा व्यक्तीला रोखणे किंवा तिची तक्रार करणे सुमारे ६२ टक्क्यांना ठाऊक होते, आणि आपले पान फक्त ओळखीच्यांपुरते ठेवणे जेमतेम ५५ टक्क्यांना. म्हणजे दाराला कडी असते हे जवळपास निम्म्या मुलांना कोणी सांगितलेलेच नाही. मुलांपुढे कोणता मजकूर आधी यावा हे अल्गोरिदम, म्हणजे वापरणाऱ्याच्या पूर्वीच्या आवडीनिवडी मोजून पुढचे दृश्य निवडणारी गणिती कार्यपद्धती, ठरवते, आणि तिची आखणी माणूस पडद्यापाशी जास्तीत जास्त वेळ थांबावा या हिशेबाने झालेली असते. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास डिसेंबर २०२५ पासून मनाई केली. भारताच्या २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरवली आहे. परंतु ज्या घरात एकच फोन आहे आणि तो आळीपाळीने आई, मुलगा आणि मुलीच्या हातात फिरतो, त्या घरात संमती नेमकी कोणी कोणाची घ्यायची, हा प्रश्न कायद्याच्या भाषेपेक्षा अधिक अवघड आहे.

शिक्षकांच्या बाबतीत जाळ्याची कहाणी उत्साहाने सुरू झाली होती. कल्याणच्या पुढे कसारा मार्गावर शहापूर तालुका लागतो. तेथील पष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरील जिल्हा परिषदेच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने मुलांच्या हाती टॅब्लेट देऊन शिकवण्याचा प्रयोग उभा केला, आणि हा प्रयोग 'पष्टेपाडा पॅटर्न' म्हणून राज्यभर पोहोचला. पाड्यावरच्या एका वर्गखोलीत घडणारी गोष्ट पूर्वी केंद्रप्रमुखाच्या शेऱ्यापलीकडे गेली नसती. शिक्षकांच्या गटांतून तिची छायाचित्रे आणि चित्रफिती फिरू लागल्या, म्हणून गडचिरोलीतल्या शिक्षकाला ती पाहता आली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांचे क्यूआर कोड जोडलेले पाठ्यपुस्तक आणि त्यांना २०२० साली मिळालेला जागतिक शिक्षक पुरस्कार हेही याच काळातले. एकट्या, दुर्गम शाळेत काम करणाऱ्या शिक्षकाला आपल्यासारखेच वेडे लोक राज्यात आहेत हे कळणे, ही त्या जाळ्याने दिलेली मोठी देणगी होती. डोंबिवलीतील अनुदानित मराठी शाळेच्या शिक्षिकेला तिसरीचा भागाकार शिकवण्याची नवी युक्ती लातूरच्या शिक्षकाकडून मिळते, तेव्हा दुर्बळ दुवा काय करू शकतो हे दिसते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि हे ऐच्छिक जाळे एका रात्रीत सक्तीचे झाले. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद... पण शिक्षण आहे' या नावाने रोजची अभ्यासमाला व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवली. त्याच वर्षाच्या अखेरीस 'स्वाध्याय' ही व्हॉट्सअ‍ॅपवरची साप्ताहिक प्रश्नोत्तरे सुरू झाली. कळवा, दिवा, कोपरच्या चाळींतून त्या काळात घडणारे दृश्य हजारो घरांत सारखेच होते. घरातला एकमेव फोन वडिलांबरोबर कामावर जाई, रात्री साडेआठ-नऊला परत येई, मग जेवणाच्या ताटाशेजारी वही उघडली जाई, आई पानाचा फोटो काढी, सावली पडली म्हणून पुन्हा काढी आणि दहाच्या सुमारास तो शिक्षिकेच्या फोनवर पोहोचे. पलीकडे शिक्षिका त्या पाच-सहा इंचांच्या पडद्यावर दोन बोटांनी अक्षर मोठे करून वाचत, बोटानेच लाल खूण करीत आणि साठ वह्या संपेपर्यंत जागत. वही तपासणे हे शिक्षकाचे जुनेच काम. ते घरी आणण्याची सवयही जुनीच. पण वह्यांचा गठ्ठा कपाटावर ठेवून उद्यावर टाकता येत असे, आणि त्या वह्या रात्री साडेअकराला 'मॅडम, बघितलं का?' असे विचारत नसत.

शाळा पुन्हा भरल्या, पण शिक्षकाचा तो उंबरठा परत आला नाही. एका माध्यमिक शिक्षकाकडे साठ-साठ मुलांच्या पाच तुकड्या असल्या, तर तीनशे घरे त्याच्या खिशातल्या फोनशी जोडलेली राहतात, आणि प्रत्येक घराने महिन्यातून एकदाच विचारणा केली तरी रोज दहा संदेशांची उत्तरे शाळेच्या वेळेबाहेर द्यावी लागतात. ही झाली पालकांची बाजू. दुसरीकडे, पूर्वी टपालाने किंवा शिपायामार्फत येणारी परिपत्रके आता केंद्राच्या, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ग्रुपवर 'आजच, सायंकाळी पाचपर्यंत' अशा तगाद्यासह येतात. शालेय पोषण आहाराची आकडेवारी, कार्यक्रमाची छायाचित्रे, मतदार यादीचे काम, सारे तिथेच. सप्टेंबर २०२४ मध्ये संचमान्यता, म्हणजे शाळेतील शिक्षकपदांची मंजुरी, आणि कंत्राटी नेमणुकांच्या प्रश्नावर राज्यातील प्राथमिक शिक्षक संघटनांनी आंदोलन केले, तेव्हा काळ्या फिती लावण्याबरोबरच प्रशासनाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडणे हाही त्या आंदोलनाचा भाग होता. कामगार चळवळीच्या दृष्टीने ही घटना जितकी गाजायला हवी होती तितकी गाजली नाही. गिरणी कामगार यंत्रे थांबवत असे. शिक्षकाने 'लेफ्ट' होणे हे संपाचे हत्यार मानले, कारण प्रशासनाचे खरे यंत्र कोणते हे त्याला नेमके कळले होते. कागदोपत्री व्हॉट्सअ‍ॅप ही कोणत्याही शाळेची अधिकृत यंत्रणा नाही, तरी ते बंद पडताच काम अडते, यातच त्याचे सामर्थ्य आणि शिक्षकावर लादलेले ओझे दोन्ही स्पष्ट होतात.

पालकांचे ग्रुप शिक्षकांना जाचक वाटतात, हे खरे असले तरी त्यांच्याविना पालक किती एकटे असतात हेही विसरता कामा नये. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन बालिकांवर झालेल्या अत्याचाराची बातमी रहिवाशांच्या आणि पालकांच्या ग्रुपमधून पसरली आणि २० ऑगस्टला हजारो लोक शाळेपुढे व नंतर रेल्वे रुळांवर उतरले. कित्येक तास गाड्या ठप्प झाल्या. तक्रार दाबली जात आहे अशी शंका आली, तेव्हा आईबापांना एकत्र आणणारे दुसरे साधन हाताशी नव्हते. त्याच दिवसांत पीडितेविषयी खोट्या बातम्याही याच मार्गाने फिरल्या आणि इंटरनेट सेवा खंडित करावी लागली. खरी हाक आणि खोटी अफवा एकाच वेगाने एकाच वाटेने धावतात, याचा अनुभव महाराष्ट्राने याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे घेतला होता. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून तिथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांचा जमावाने जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली.

नोकरीच्या ठिकाणी उंबरठा पुसला जाण्याची रीत आणखी निराळी आहे, कारण तिथे पगार देणारा एका बाजूला असतो. ठाणे-डोंबिवलीच्या नोकरदाराचा गाडीतला वेळ पूर्वी त्याचा स्वतःचा होता. वर्तमानपत्र, पत्ते, डुलकी, नुसत्या गप्पा, यांवर कोणाचाही हक्क नव्हता. कचेरीचा ग्रुप फोनमध्ये आल्यापासून फलाटावर उभ्या असलेल्या माणसाचा कामाचा दिवस घरातून निघतानाच सुरू होतो आणि रात्री घरी परतल्यावरही संपत नाही. साहेबांच्या रविवारच्या संदेशाखाली वीस जणांचे होकार एकामागून एक उमटत गेले की एकविसाव्याचे मौन ठळक दिसते, आणि उत्तर न देण्याचीही नोंद होते. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा कर्मचाऱ्यांचा हक्क कायद्याने मान्य केला. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी अशाच आशयाचे खासगी विधेयक २०१८ साली लोकसभेत मांडले आणि २०२५ मध्ये ते पुन्हा मांडले, पण त्याचा कायदा झालेला नाही. ज्याला कचेरीत पोहोचायलाच दीड तास लागतो, त्याच्यासाठी हा हक्क सर्वांत आधी हवा, कारण त्याच्या दिवसातून प्रवास वजा केल्यावर घरासाठी उरणारे तास मुळातच थोडे असतात.

कर्मचाऱ्याच्या बोलण्यावरील नियंत्रण हा दुसरा प्रश्न. महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराविषयी सूचना काढल्या आणि त्यांना १९७९ च्या वर्तणूक नियमांचा आधार दिला. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नये, गोपनीय कागद टाकू नयेत, गणवेश, शासकीय वाहन वा इमारत दाखवणाऱ्या चित्रफिती वैयक्तिक खात्यावर टाकू नयेत, बदली झाल्यावर कार्यालयीन खाते पुढच्या अधिकाऱ्याकडे सोपवावे, असे त्यात सांगितले आहे. कामाच्या समन्वयासाठी व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम वापरण्यास मुभाही आहे. खाती वेगळी ठेवण्याची सूचना शहाणपणाची आहे, कारण ती पुसलेला उंबरठा निदान कागदावर पुन्हा आखते. परंतु प्रशासनाने कर्मचाऱ्याच्या खासगी फोनमध्ये कामाचा ग्रुप ठेवायचा आणि त्याच फोनवरून त्याने नागरिक म्हणून बोलू नये अशी अपेक्षा धरायची, यात भार एकाच बाजूला झुकतो. खाजगी क्षेत्रातही सीमा आखल्या जात आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेसबुकवर कंपनीविरुद्ध चिथावणीखोर मजकूर टाकणे हे कामगाराचे गैरवर्तन ठरू शकते, असा निकाल दिला. दुसरीकडे, मार्च २०२१ मध्ये त्याच न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातील प्रकरणात स्पष्ट केले की ग्रुपमधील सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी समान हेतू सिद्ध झाल्याखेरीज अ‍ॅडमिनला, म्हणजे ग्रुप चालवणाऱ्याला, जबाबदार धरता येत नाही. सोसायटीचा, शाळेचा किंवा डब्याचा ग्रुप सांभाळणाऱ्या सामान्य माणसाला या निकालाने मोठा दिलासा मिळाला.

नोकरी शोधणाऱ्यांसाठी लिंक्डइनने दारे उघडली हे खरे, पण सर्वांसाठी सारखी उघडली नाहीत. कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयातून किंवा डोंबिवलीच्या पेंढरकर महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या, मराठी माध्यमातून आलेल्या पदवीधराला तिथे इंग्रजीत स्वतःची वाखाणणी करावी लागते, आणि ज्या घरात स्वतःविषयी चार शब्द चांगले बोलणेही आगाऊपणा मानला गेला, तिथल्या मुलीला ते जड जाते. अशा मुलांनाच टेलिग्रामवरील 'घरबसल्या व्हिडिओ लाइक करा, रोज पैसे मिळवा' ही जाहिरात गाठते. आधी थोडी रक्कम खात्यात येते, मग अनामत म्हणून मोठी रक्कम मागितली जाते आणि ती गेली की पलीकडचे खाते नाहीसे होते. अशी फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर लगेच कळवले तर पैसे रोखले जाण्याची शक्यता असते. पण वडिलांना कसे सांगायचे या लाजेपोटी मुले गप्प बसतात आणि नेमका तोच वेळ निघून जातो.

पुसलेला उंबरठा पुन्हा बांधण्यासाठी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक वेगळी वाट धरली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, घरोघरी दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद होतात, मुले अभ्यासाला बसतात आणि दीड तासाने दुसरा भोंगा होतो. गावाने मिळून बांधलेला हा उंबरठा कौतुकास्पद आहे, आणि डोंबिवलीतल्या सोसायट्यांनीही असेच काही करावे असे अनेकदा सुचवले जाते. परंतु संध्याकाळी सात वाजता डोंबिवलीतली नोकरदार आई ठाणे आणि दिव्याच्या मध्ये कुठेतरी, दोन्ही हात वर धरून उभी असते. उद्या कार्यानुभवाच्या तासाला निळा कार्डपेपर आणि डिंक आणायचा आहे हे मुलाने सकाळी सांगितलेले नसते. ते तिला वर्गाच्या ग्रुपवर, दुसऱ्या एका आईच्या संदेशातून, त्याच वेळी कळते. ती उतरते, स्टेशनबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानात शिरते आणि दोन कार्डपेपर गुंडाळून घेते, एक स्वतःच्या मुलासाठी आणि एक त्या दुसरीच्या मुलासाठी, कारण तिची गाडी अजून कुर्ल्यालाच अडकलेली आहे. पैसे देण्यासाठी ती फोन काढते, तेव्हा कचेरीच्या ग्रुपवर उद्याच्या बैठकीची वेळ बदलल्याचा संदेश येऊन पडलेला असतो आणि त्याखाली होकार उमटायला सुरुवात झालेली असते.